ॲडमिरल डेव्हिड फॅरागट यांची कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेव्हिड फॅरागट कोण होते?

डेव्हिड ग्लासगो फॅरागट हे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी नौदलाचे अधिकारी होते. रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल आणि ॲडमिरल हे तिन्ही हुद्दे अमेरिकी नौदलात सर्वप्रथम त्यांनाच मिळाले. १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धात त्यांनी संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूने लढून न्यू ऑर्लिन्स शहर जिंकले आणि मोबील उपसागराचे तोंड बंद केले. त्यांचे नाव आज घेतले जाते ते या दोन मोहिमांमुळे. परंतु न्यू ऑर्लिन्सच्या मोहिमेवर निघताना त्यांचे वय साठ होते आणि नौदलातील सेवेची एक्कावन्न वर्षे उलटून गेली होती, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात सहसा घाईने उरकली जाते. या पानावर त्या आधीच्या वर्षांनाही पुरेशी जागा दिली आहे, कारण पुढच्या विजयांचे बीज त्याच वर्षांत सापडते.

ते नवव्या वर्षी नौदलात दाखल झाले, हे खरे आहे का?

होय. त्यांचा जन्म ५ जुलै १८०१ रोजी टेनेसी राज्यात नॉक्सव्हिलजवळ झाला. वडील जॉर्ज फॅरागट हे भूमध्य समुद्रातील मिनोर्का बेटावरून अमेरिकेत आलेले दर्यावर्दी असून ते अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढले होते. पुढे हे कुटुंब न्यू ऑर्लिन्सला राहावयास गेले. तेथे १८०८ मध्ये डेव्हिड पोर्टर नावाचे एक वृद्ध नौदल कर्मचारी उन्हाच्या तडाख्याने आजारी पडले, तेव्हा फॅरागट कुटुंबाने त्यांना घरी आणून त्यांची शुश्रूषा केली. त्यांचा मृत्यू झाला आणि त्याच सुमारास मुलाची आईही पीतज्वराने दगावली. पोर्टर यांचा मुलगा, त्याचेही नाव डेव्हिड पोर्टर, नौदलात अधिकारी होता. आपल्या वडिलांच्या सेवेची परतफेड म्हणून त्याने या कुटुंबातील एका मुलाचा सांभाळ करण्याची तयारी दाखवली. मुलाचे मूळ नाव जेम्स होते. पालकपित्याच्या सन्मानार्थ त्याने पुढे डेव्हिड हे नाव घेतले.

डिसेंबर १८१० मध्ये त्याला मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून नेमण्यात आले. अमेरिकेची नौदल अकादमी १८४५ मध्ये सुरू झाली, म्हणजे त्या काळी अधिकारी घडत असत ते थेट जहाजावरच. त्यामुळे मुलांना लहान वयात घेण्याची रीत होती; तरीही नऊ वर्षे हे वय त्या रीतीच्या मानानेही फारच कोवळे होते.

बाराव्या वर्षी त्यांनी जहाजाची सूत्रे हाती घेतल्याची हकीकत काय आहे?

१८१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले. पालकपिता कॅप्टन पोर्टर यांची ‘एसेक्स’ ही फ्रिगेट जातीची युद्धनौका दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून प्रशांत महासागरात शिरली आणि तेथील ब्रिटिश देवमासेमारी जहाजे पकडू लागली. पकडलेल्या जहाजांची संख्या इतकी वाढली की ती बंदरात नेण्यासाठी अधिकारी पुरेनात. अशा वेळी १८१३ मध्ये ‘अलेक्झांडर बार्क्ले’ हे जहाज चिलीतील व्हालपरायझो बंदरात नेण्याची जबाबदारी बारा वर्षांच्या फॅरागटवर सोपवण्यात आली. जहाजाचा मूळ कप्तान जहाजावरच होता. एका पोराचा हुकूम पाळण्यास त्याने साफ नकार दिला आणि पिस्तुले आणण्याची धमकी देऊन तो खाली गेला. मुलाने शिडे सोडण्याचा हुकूम खलाशांना दिला, आणि कप्तान पिस्तुले घेऊन वर आला तर त्याला समुद्रात फेकून दिले जाईल, असे बजावले. खलाशांनी मुलाचे ऐकले आणि जहाज मुक्कामी पोहोचले.

ही हकीकत रंजक आहे म्हणून वारंवार सांगितली जाते. त्यांच्या घडणीच्या दृष्टीने मात्र पुढच्या वर्षीची घटना अधिक महत्त्वाची आहे. २८ मार्च १८१४ रोजी व्हालपरायझोजवळ ‘फीबी’ आणि ‘चेरब’ या दोन ब्रिटिश जहाजांनी ‘एसेक्स’ला गाठले. ‘एसेक्स’वर जवळजवळ सर्व तोफा आखूड पल्ल्याच्या होत्या. लांब पल्ल्याच्या तोफा असलेली ‘फीबी’ सुरक्षित अंतरावर राहून मारा करत राहिली आणि ‘एसेक्स’ला शरण जावे लागले. त्या दिवशी हा मुलगा तोफांना दारू पोहोचवत होता, निरोप नेत होता आणि भोवती माणसे पडताना पाहत होता. अंतर कोणाच्या सोयीचे आहे, हा प्रश्न लढाईपूर्वीच सुटलेला असावा लागतो, हे त्याने बाराव्या वर्षी पाहिले. पुढे न्यू ऑर्लिन्स आणि मोबील येथे त्यांनी किल्ल्यांच्या शक्य तितक्या जवळून जहाजे नेली. त्या निर्णयामागे इतरही कारणे होती, पण हा अनुभव त्यात नव्हता असे मानणे कठीण आहे.

पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे त्यांनी काय केले?

प्रामुख्याने वाट पाहिली. हे उपरोधाने लिहिलेले नाही. त्या काळच्या अमेरिकी नौदलात बढती केवळ ज्येष्ठतेने मिळे आणि सक्तीची निवृत्ती नव्हती. वरचा अधिकारी मरण पावल्याखेरीज किंवा नोकरी सोडल्याखेरीज खालच्याला जागा मिळत नसे. फॅरागट लेफ्टनंट झाले १८२५ मध्ये, कमांडर १८४१ मध्ये आणि कॅप्टन १८५५ मध्ये, म्हणजे वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. त्यापुढे हुद्दाच नव्हता, कारण ॲडमिरल या शब्दाला राजेशाहीचा वास येतो अशी अमेरिकी राजकारण्यांची भावना होती. दोन नेमणुकांच्या मध्ये अधिकाऱ्यांना महिनोन् महिने कमी पगारावर, नुसते हुकमाची वाट पाहत घरी बसावे लागे.

या वर्षांतील काही टप्पे मात्र नोंदवण्याजोगे आहेत. १८१७-१८ मध्ये ट्युनिस येथील अमेरिकी वाणिज्यदूत चार्ल्स फॉल्सम यांच्याकडे राहून त्यांनी भाषा, साहित्य आणि गणित यांचा अभ्यास केला. शाळेत फार काळ न गेलेल्या या तरुणाचे खरे शिक्षण तेथे झाले. भूमध्य समुद्राकाठच्या त्या मुक्कामातच उन्हाने त्यांची दृष्टी कायमची अधू झाली आणि पुढे आयुष्यभर वाचनासाठी त्यांना अनेकदा दुसऱ्याचा आधार घ्यावा लागला. १८२३ मध्ये त्यांनी वेस्ट इंडिज बेटांभोवती समुद्री चाच्यांविरुद्ध काम केले. नॉरफोक येथे असताना जहाजांवरील पोरांसाठी त्यांनी शाळा चालवली. त्यांच्या पहिल्या पत्नी सुझन दीर्घकाळ आजारी होत्या. फॅरागट यांनी त्यांची सेवा मनोभावे केली, असे त्यांचे समकालीन सांगतात. १८४० मध्ये त्या वारल्या. १८४३ मध्ये त्यांनी नॉरफोकच्याच व्हर्जिनिया लॉयल यांच्याशी विवाह केला. १८५४ ते १८५८ या काळात कॅलिफोर्नियातील मेअर आयलंड येथे प्रशांत किनाऱ्यावरील अमेरिकेची पहिली नौदल गोदी त्यांनी उभी केली.

किल्ल्यांना बगल देऊन पुढे जाण्याची त्यांची पद्धत कोठून आली?

याचे उत्तर मेक्सिकोतील व्हेराक्रुझ बंदरात आहे. नोव्हेंबर १८३८ मध्ये फ्रेंच आरमाराने तेथील सान हुआन दे उलुआ या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि काही तासांच्या माऱ्यानंतर किल्ला शरण आला. लाकडी जहाजांनी दगडी किल्ल्याशी लढू नये, हा तेव्हाचा सर्वमान्य नियम होता. फॅरागट त्या वेळी ‘इरी’ या जहाजावर अधिकारी म्हणून बंदरातच होते. त्यांनी फुटणाऱ्या गोळ्यांनी तटबंदीची काय अवस्था केली, हे जवळून पाहिले आणि तपशीलवार टिपणे लिहून वरिष्ठांना पाठवली.

१८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू झाले, तेव्हा हाच किल्ला जहाजांनी घेता येईल, असे त्यांनी नौदल खात्याला कळवले. खात्याने त्यांचे म्हणणे मनावर घेतले नाही. मार्च १८४७ मध्ये किल्ला पडला तो मुख्यतः जनरल स्कॉट यांच्या लष्कराने घातलेल्या वेढ्यामुळे, आणि फॅरागट यांचे ‘सॅराटोगा’ हे जहाज तेथे पोहोचले त्यानंतर. वरिष्ठांवरील त्यांची नाराजी त्या काळच्या पत्रांतून लपत नाही. तरीही या निष्फळ वाटणाऱ्या खटाटोपातून त्यांच्या मनात एक हिशोब पक्का झाला : जहाज किल्ल्यासमोर उभे राहून त्याला नमवू शकेलच असे नाही, पण वेगाने त्याच्या पुढून निघून जाऊ शकते, आणि किल्ला ज्याच्या रक्षणासाठी आहे ते शहर मागे हाती आले, की किल्ल्याची रसद तुटते व तो आपोआप निरुपयोगी ठरतो. वाफेच्या एंजिनामुळे हे शक्य झाले होते, कारण आता वाऱ्याची मर्जी सांभाळावी लागत नव्हती.

दक्षिणेत जन्मूनही ते उत्तरेच्या बाजूने का लढले?

१८६१ मध्ये फॅरागट व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक येथे राहत होते. दोन्ही पत्नी तेथल्याच, स्नेही तेथलेच. त्या राज्याच्या अधिवेशनाने १७ एप्रिल रोजी संघराज्यातून बाहेर पडण्याचा ठराव केला. त्या निर्णयाला त्यांनी उघड विरोध दर्शवला, आणि अशा मताच्या माणसाला येथे राहता येणार नाही, असे त्यांना ऐकवण्यात आले. दुसऱ्याच दिवशी ते पत्नी व मुलासह शहर सोडून निघाले आणि न्यूयॉर्कजवळ हडसन नदीकाठच्या एका गावात भाड्याने राहू लागले.

त्यांची भूमिका साधी होती. वयाच्या नवव्या वर्षापासून ज्या निशाणाखाली चाकरी केली, त्यावर शस्त्र उचलायचे नाही. मात्र सरकारला त्यांच्याविषयी शंका होतीच. कितीतरी दक्षिणी अधिकारी राजीनामे देऊन निघून गेले होते. पहिले काही महिने फॅरागट यांच्या वाट्याला आले ते अधिकाऱ्यांच्या निवृत्तीचा विचार करणाऱ्या मंडळावरील कागदी काम. साठी गाठलेल्या माणसाने इतरांना घरी पाठवण्याच्या याद्या तपासाव्यात, यातील विनोद त्यांच्याही ध्यानात आला असावा.

अखेर नौदलमंत्री गिडियन वेल्स यांनी न्यू ऑर्लिन्सच्या मोहिमेसाठी त्यांना निवडले. नॉरफोकचे घर एका दिवसात सोडले, ही गोष्ट वेल्स यांच्या लेखी कोणत्याही शपथेपेक्षा वजनदार ठरली. फॅरागट यांचा अंदाज घेण्यासाठी ज्यांना पाठवले गेले, ते डेव्हिड डिक्सन पोर्टर हे त्यांच्या पालकपित्याचे चिरंजीव होते.

न्यू ऑर्लिन्सची लढाई नेमकी कशी झाली?

न्यू ऑर्लिन्स हे दक्षिणेतील सर्वांत मोठे शहर आणि कापसाच्या निर्यातीचे सर्वांत मोठे बंदर होते. मिसिसिपी नदीच्या मुखाकडून शहराकडे येताना फोर्ट जॅक्सन आणि फोर्ट सेंट फिलिप हे समोरासमोरचे किल्ले लागत. त्यांच्या जवळ जुन्या गलबतांना साखळी बांधून नदी अडवलेली होती.

पहिली अडचण शत्रूची नव्हती, गाळाची होती. नदीमुखावरील वाळूच्या दांड्यावरून जड जहाजे आत ओढून घेण्यात कित्येक आठवडे गेले. मग १८ एप्रिल १८६२ पासून डेव्हिड डिक्सन पोर्टर यांच्या उखळी तोफांच्या नौकांनी किल्ल्यांवर मारा सुरू केला. या माऱ्याने किल्ले शरण येतील, असे पोर्टर यांना वाटत होते; फॅरागट यांना ते कधीच पटले नव्हते. सहा दिवस दारूगोळा खर्चूनही किल्ले लढतच राहिले. मधल्या एका रात्री दोन लहान तोफनौकांनी साखळीच्या अडथळ्यात वाट करून ठेवली होती.

जहाजांची तयारी वाचताना त्यांच्या धाडसाविषयीचा रूढ समज बदलतो. एंजिन आणि बॉयलर यांच्या बाजूने जहाजाबाहेर नांगराच्या जड साखळ्या टांगून त्यांचे कामचलाऊ चिलखत केले. अंधारात जहाजे दिसू नयेत म्हणून बाहेरून नदीचा चिखल फासला, आणि दिवे न लावता तोफखान्यातील माणसांना अवजारे दिसावीत म्हणून डेकवर पांढरा रंग दिला. २४ एप्रिलच्या पहाटेपूर्वी सतरा जहाजे निघाली. फॅरागट यांच्या ‘हार्टफोर्ड’वर पेटता तराफा ढकलण्यात आला, तो चुकवताना जहाज गाळात रुतले आणि त्याच्या बाजूने ज्वाळा वर चढल्या. खलाशांनी आग विझवली, जहाज मागे घेऊन मोकळे केले. तीन तोफनौका मागे फिरल्या, एक जहाज पुढे जाऊन बुडाले, तेरा पार झाली. मोहिमेत ३७ माणसे मारली गेली. दुसऱ्या दिवशी आरमार शहरासमोर उभे होते. मागे एकाकी पडलेल्या फोर्ट जॅक्सनमधील शिबंदीने बंड केले आणि २८ एप्रिलला दोन्ही किल्ले शरण आले. व्हेराक्रुझचा हिशोब बरोबर निघाला होता.

या विजयानंतर १६ जुलै १८६२ रोजी काँग्रेसने रिअर ॲडमिरल हा हुद्दा निर्माण केला आणि तो फॅरागट यांना मिळाला.

त्यांना अपयश कधी आले नाही का?

आले, आणि त्यातून पद्धतीची मर्यादा स्पष्ट होते. जून १८६२ मध्ये ते आरमार घेऊन नदीतून व्हिक्सबर्गपर्यंत गेले आणि २८ जूनला तेथील तोफांपुढून पारही झाले. परंतु ते शहर उंच कड्यावर होते. जहाजांच्या तोफा तितक्या वर रोखता येत नव्हत्या, आणि शहर ताब्यात घेण्यास पुरेसे पायदळ सोबत नव्हते. उन्हाळ्यात नदीचे पाणी उतरू लागले, माणसे तापाने आजारी पडली. १५ जुलैला ‘अर्कान्सा’ ही दक्षिणेची चिलखती नौका सकाळच्या वेळी त्यांच्या नांगरलेल्या जहाजांमधून सरळ निघून गेली. ही गोष्ट फॅरागट यांना फार लागली. शेवटी त्यांना माघारी यावे लागले.

१४ मार्च १८६३ च्या रात्री मिसिसिपी नदीकाठच्या पोर्ट हडसन या दक्षिणेच्या ठाण्यापुढून जाताना सात जहाजांपैकी ‘हार्टफोर्ड’ आणि तिला बाजूने बांधलेली ‘अल्बाट्रॉस’ एवढीच पार झाली. ‘मिसिसिपी’ हे जुने जहाज रुतले आणि जाळून टाकावे लागले. या लढाईत त्यांचा मुलगा लॉयल ‘हार्टफोर्ड’वरच होता. त्याला खाली सुरक्षित जागी पाठवावे, अशी जहाजाच्या वैद्यांची सूचना त्यांनी मान्य केली नाही. एवढे नुकसान सोसूनही रेड नदीतून दक्षिणेला होणारा पुरवठा त्या दोन जहाजांनी बराचसा रोखला.

‘सुरुंग गेले खड्ड्यात, पूर्ण वेगाने पुढे चला’ असे ते खरोखर म्हणाले होते का?

या अर्थाचे काही तरी ते बोलले असणार, पण आज प्रसिद्ध असलेले नेमके शब्द लढाईनंतर बऱ्याच वर्षांनी छापले गेले. त्या वेळच्या अहवालांत ते नाहीत. इंग्रजी वाक्यात टॉर्पेडो हा शब्द येतो. त्या काळी तो पाण्यात नांगरून ठेवलेल्या सुरुंगांसाठी वापरत.

प्रसंग ५ ऑगस्ट १८६४ चा आहे. मोबील उपसागराच्या तोंडाशी फोर्ट मॉर्गन होता आणि खाडीच्या वाटेत सुरुंगांची रांग पेरून किल्ल्याखालची अरुंद चिंचोळी वाट तेवढी मोकळी ठेवली होती. फॅरागट यांनी चौदा लाकडी जहाजे दोन-दोनच्या जोड्यांत बांधली : मोठे जहाज किल्ल्याच्या बाजूला, लहान पलीकडे, एकाचे एंजिन निकामी झाले तर दुसऱ्याने ओढून न्यावे. चार चिलखती मॉनिटर नौका किल्ल्याच्या बाजूने चालायच्या होत्या. भरतीचे पाणी आत वाहून नेईल आणि नैर्ऋत्येचा वारा धूर किल्ल्याकडे ढकलेल, अशा सकाळची त्यांनी वाट पाहिली. त्यांचे तरुण सहकारी लेफ्टनंट जॉन वॉटसन यांनी आधी अनेक रात्री होडीतून जाऊन सुरुंगांचा माग काढला होता, आणि पुष्कळसे सुरुंग दीर्घकाळ पाण्यात राहून खराब झाले असावेत, असा अंदाज होता.

‘टेकमसे’ ही मॉनिटर सुरुंगावर आदळली आणि काही क्षणांत नव्वदहून अधिक माणसांसह बुडाली. आघाडीच्या ‘ब्रुकलिन’ने सुरुंगांच्या भीतीने एंजिन उलटे फिरवले आणि सारी रांग किल्ल्याच्या तोफांसमोर खोळंबली. थांबणे म्हणजे तुकडे तुकडे होणे होते. फॅरागट यांनी ‘हार्टफोर्ड’ बाजूला काढून सुरुंगांच्या रांगेवरूनच पुढे नेली. तळाशी सुरुंगांच्या कळा दाबल्या गेल्याचे आवाज ऐकू आले, असे जहाजावरील लोकांनी नंतर सांगितले. एकही फुटला नाही. हा जुगार होताच. पण जुगार खेळणाऱ्याच्या हातात वॉटसन यांच्या रात्रींची माहिती होती, हे विसरून चालत नाही.

त्यांना डोलकाठीला बांधले होते का?

धुरामुळे काही दिसेना, तेव्हा ते डोलकाठीच्या आधारदोरांवर वर-वर चढत गेले. त्रेसष्ट वर्षांचा सेनापती तोल जाऊन पडेल, या काळजीने जहाजाचे कॅप्टन ड्रेटन यांनी एका खलाशाला दोर घेऊन पाठवले आणि त्याने तो त्यांच्याभोवती गुंडाळला. चित्रांत दाखवतात तसा हा वीरश्रीचा आविर्भाव नव्हता, ती साधी खबरदारी होती.

मोबीलच्या लढाईचा परिणाम काय झाला?

उपसागरात शिरल्यावर ‘टेनेसी’ या दक्षिणी चिलखती नौकेने एकटीने साऱ्या आरमारावर चाल केली. तिचे सेनापती ॲडमिरल फ्रँकलिन ब्युकॅनन हे अमेरिकी नौदल अकादमीचे पहिले अधीक्षक. म्हणजे दोन्हीकडचे प्रमुख एकाच आरमारात घडलेले होते. ‘टेनेसी’ शरण आली, ब्युकॅनन पायाला जखम होऊन कैद झाले आणि २३ ऑगस्टला फोर्ट मॉर्गनही पडला. मोबील शहर मात्र एप्रिल १८६५ पर्यंत दक्षिणेकडेच राहिले. बंदर म्हणून ते संपले होते, एवढेच. अटलांटा शहराच्या पाडावासह या विजयाने नोव्हेंबर १८६४ च्या निवडणुकीपूर्वी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या सरकारला मोठा आधार मिळाला.

‘हार्टफोर्ड’वरील जॉन लॉसन आणि विल्सन ब्राउन या दोन कृष्णवर्णीय खलाशांना या लढाईतील शौर्याबद्दल मेडल ऑफ ऑनर मिळाले. दोघेही दारूगोळा वर पाठवण्याच्या कामावर होते, आणि जखमी होऊनही त्यांनी काम सोडले नाही.

या घडामोडींचा मुंबईशी काही संबंध आहे का?

आहे, पण तो अप्रत्यक्ष आहे. युद्धापूर्वी ब्रिटनमधील गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जाई. उत्तरेची नाकेबंदी आणि दक्षिणेने सुरुवातीला स्वतःहून रोखून धरलेला माल, या दोहोंमुळे हा पुरवठा आटला. न्यू ऑर्लिन्स हातचे गेल्यावर तर दक्षिणेचे सर्वांत मोठे बंदरच मिटले. लँकेशरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने विकला गेला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी गब्बर झाले आणि बॅकबेच्या भरणीसारख्या योजनांच्या शेअर्सचे वेड शहराला लागले. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्याच वर्षी मुंबईतील पेढ्या धडाधड बुडाल्या. मुंबईच्या या तेजी-मंदीचे श्रेय किंवा दोष एकट्या फॅरागट यांना देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु त्या साखळीतील एक ठळक कडी त्यांच्या हातची होती.

युद्धानंतर त्यांचे काय झाले?

डिसेंबर १८६४ मध्ये ते व्हाइस ॲडमिरल आणि २५ जुलै १८६६ रोजी ॲडमिरल झाले. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी घर घेण्यासाठी त्यांना ५० हजार डॉलरची थैली अर्पण केली. १८६७-६८ मध्ये ‘फ्रँकलिन’ या जहाजावरून त्यांनी युरोपचा दौरा केला आणि वडिलांच्या मिनोर्का बेटालाही भेट दिली. तेथील लोकांनी त्यांचे घरच्या माणसासारखे स्वागत केले. १४ ऑगस्ट १८७० रोजी न्यू हॅम्पशर राज्यातील पोर्ट्समथ येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे दफन न्यूयॉर्कच्या वुडलॉन दफनभूमीत आहे. वॉशिंग्टनमधील त्यांचा पुतळा ‘हार्टफोर्ड’च्या पंख्याच्या धातूतून ओतलेला आहे.

त्यांची पद्धत पुढच्या काळात उपयोगी पडली का?

एकदा ठळकपणे पडली. पोर्ट हडसनला जळालेल्या ‘मिसिसिपी’वर जॉर्ज ड्यूई नावाचे तरुण अधिकारी होते. स्पेनशी झालेल्या युद्धात १ मे १८९८ रोजी याच ड्यूई यांनी किल्ल्यांची आणि सुरुंगांच्या अफवांची पर्वा न करता रात्रीच्या अंधारात मनिलाच्या उपसागरात आरमार घातले आणि सकाळी स्पॅनिश ताफा नष्ट केला. कठीण प्रसंगी फॅरागट यांनी काय केले असते, असा विचार आपण करत असू, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

पहिल्या महायुद्धात १८ मार्च १९१५ रोजी ब्रिटिश आणि फ्रेंच आरमाराने तुर्कांच्या ताब्यातील डार्डनेल्सच्या सामुद्रधुनीत असाच प्रयत्न केला, तेव्हा मात्र ‘बुव्हे’, ‘इर्रेझिस्टिबल’ आणि ‘ओशन’ या तीन मोठ्या युद्धनौका सुरुंगांनी बुडाल्या. त्यांना बुडवणारी सुरुंगांची रांग अवघ्या दहा दिवसांपूर्वी पेरलेली होती. ती किनाऱ्याला समांतर असल्यामुळे शोधपथकांच्या नजरेतून सुटली होती, आणि सुरुंग काढणाऱ्या नौकांना तुर्कांच्या तोफा काम करू देत नव्हत्या. मोबीलला लेफ्टनंट वॉटसन यांनी होडीतून आणलेल्या माहितीची जागा येथे रिकामी होती.